टर्म पॉलिसी घ्यावी की ओळखीतले दादा म्हणतात ती? फ्रीमॉन्टच्या ताईंच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे. ताई ३६ वर्षांच्या, एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, घरीच असतात. मिस्टर ३८ चे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी ६ वर्षांची. मागच्या वर्षी फ्रीमॉन्टला टाउनहाऊस घेतलं, त्याचं साडेआठ लाख डॉलर लोन बाकी आहे. कंपनीकडून पगाराच्या दुप्पट लाइफ इन्शुरन्स आहे. मंडळात ओळख झालेल्या एका दादांनी आययूएल नावाची पॉलिसी सुचवलीय, महिन्याला १२०० डॉलर, "इन्शुरन्स पण आणि रिटायरमेंट पण". ताई लिहितात, "दादांना नाही म्हणायला जड जातंय, घरी येऊन जेवूनही गेलेत. पण एवढे पैसे दर महिन्याला? इथे कॅलिफोर्नियात याचे काही नियम आहेत का, खरा खर्च किती येतो? मिस्टरांना सांगलीला आईंसाठी पण थोडा हिस्सा ठेवायचाय. आणि आम्ही उद्या भारतात परत गेलो तर काय?"

ताई, अजून सही केली नाहीत हे फार बरं केलंत. मी इथे नऊ वर्षं लाइफ इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात काम केलंय, म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांचा फोन येतो ना, तो मी उचलायचे. त्यामुळे मी पॉलिसीकडे बघते ती त्या फोनच्या बाजूने, आणि तुम्हीही तसंच बघा अशी माझी मनापासून विनंती आहे. त्या दिवशी तुमच्या हातात किती पैसे येतील, किती दिवसांत येतील आणि त्यासाठी तुम्हाला कुणाच्या पाया पडायला लागेल का, एवढंच विचारायचं. बाकी रिटायरमेंट, टॅक्स-फ्री इन्कम वगैरे सगळं नंतरचं.

आधी खर्चाचं बोलू. साधी टर्म पॉलिसी, म्हणजे ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तरच पैसे देणारी, २० वर्षांची, १० लाख डॉलरची, ३८ वर्षांचा तब्येतीने चांगला आणि तंबाखूला हात न लावणारा माणूस, याला महिन्याला साधारण ५० ते ८० डॉलर पडतात. तुम्हाला त्याहून कमी, बायकांचा प्रीमियम कमीच असतो. ३० वर्षांची घेतली तर जवळपास पावणेदोन-दोन पट धरा. आणि तेवढ्याच कव्हरची आयुष्यभराची होल लाइफ घ्यायला गेलात तर महिन्याला हजार डॉलरच्या पुढेच जातं. हा फरक दादांनी सांगितला होता का?

आता हा आकडा कशावर ठरतो, तर वय आणि तब्येत. गाडीच्या इन्शुरन्ससारखं तुम्ही फ्रीमॉन्टला राहता की फ्रेस्नोला यावर ठरत नाही. आणि हो, गाडीचा रेट वाढवायला इथे कंपनीला राज्याची मंजुरी लागते, १९८८ च्या प्रपोझिशन १०३ मुळे, पण लाइफ इन्शुरन्सला तो कायदा लागू नाही, तिथे प्रत्येक कंपनीचा रेट वेगळा, म्हणून तीन-चार ठिकाणचे कोट घेतल्याशिवाय हलायचं नाही. एकाच कंपनीची तीच पॉलिसी मात्र कुठल्याही एजंटकडून घेतली तरी सहसा त्याच भावात मिळते, त्यामुळे कंपनी बदलून बघा, नुसता एजंट बदलून काही होत नाही. बऱ्याच कंपन्या जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात, म्हणजे मिस्टरांना साडेअडतीस झाले की ते त्यांच्या हिशोबात ३९, तेव्हा उगाच सहा महिने घालवू नका.

तब्येतीत आपल्या लोकांचं काय अडतं तर शुगर आणि कोलेस्टेरॉल. नर्स घरी येते, रक्त आणि लघवी नेते, ए-वन-सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, जरा वर आला की प्रीमियमचा वर्ग खाली घसरतो. सगळ्यात चांगला वर्ग प्रिफर्ड प्लस, मग प्रिफर्ड, मग स्टँडर्ड, आणि त्याच्याही खाली गेलं की टेबल रेटिंग, ज्यात एकेका पायरीला प्रीमियम साधारण २५ टक्के वाढतो. तंबाखू म्हणजे फक्त सिगरेट नाही बरं का, पानातली, मळून खाल्लेली, गुटखा, सगळी टेस्टमध्ये निघते. मिस्टर "कधीतरी मित्रांबरोबर" म्हणत असतील तर ते फॉर्मवर तसंच लिहायचं.

हे मी का बजावून सांगतेय, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात माहिती लपवणं हे जाणूनबुजून असो की चुकून, दोन्हीला पॉलिसी रद्द करता येते. पहिली दोन वर्षं कंपनीला तुमचा अर्ज परत उघडून तपासायचा हक्क असतो आणि या दोन वर्षांत कुणी गेलं तर तपासतातच, डॉक्टरांची कागदपत्रं, मेडिकलच्या दुकानातली औषधांची नोंद, सगळं मागवतात. एका बाईंच्या मिस्टरांनी बीपीची गोळी लिहिली नव्हती, एजंटच म्हणाला होता "छोटी गोष्ट आहे, राहू दे". त्या बाईंना फोनवर काय सांगायचं हे मला आजही सुचत नाही. एजंट फॉर्म भरत असेल तर शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचा, आणि सही करताना परत एकदा वाचा.

किती घ्यायची? कंपनीची पगाराच्या दुप्पट आहे ती धरूच नका. नोकरी गेली की ती गेली. साधारण ३१ दिवसांत ती स्वतःच्या नावावर करून घेता येते पण ती महागड्या पॉलिसीत बदलते, आणि त्याच वेळी नोकरी गेल्यावर एच-वन-बीवाल्याला इथे राहायला मिळणारे ६० दिवस मोजायला सुरू झालेले असतात, कुणाचं डोकं असतं ठिकाणावर? घराचं लोन साडेआठ लाख, त्यावर तुमचा आणि मुलीचा आठ-दहा वर्षांचा घरखर्च, तिचं कॉलेज, असं धरलं तर मिस्टरांची १५ ते २० लाखांची टर्म पाहिजे. ३० वर्षांची नाही परवडली तर २० ची घ्या, मुलगी २६ ची होते तोपर्यंत. आणि ताई, तुमच्या नावाची पण पाहिजे, हे तुम्ही पत्रात विचारलंच नाहीत. तुम्ही कमवत नाही म्हणून तुमची किंमत शून्य नाही, तुम्ही नसाल तर ६ वर्षांच्या मुलीला शाळेनंतर सांभाळायला बे एरियात किती लागतात ते शेजारी विचारा. एच-४ वर काही कंपन्या देतात काही देत नाहीत, म्हणून एकाच कंपनीकडे न जाता तीन-चार कंपन्यांचं काम करणारा ब्रोकर बघा. दोघांच्या मिळून २०० डॉलरच्या आसपास किंवा त्याच्या आतच भागावं, तब्येत साथ देत असेल तर.

आता आययूएल. इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ. दादांनी सांगितलं असेल की शेअर बाजार वर गेला की तुम्हाला फायदा, खाली गेला तर शून्य, तोटा कधीच नाही. ते शून्याचं खरं आहे पण अर्धंच. बाजार पडला त्या वर्षी व्याज शून्य, पण इन्शुरन्सचा खर्च आणि कंपनीचे चार्जेस कापले जातातच, म्हणजे तुमचे जमलेले पैसे त्या वर्षी कमी होतात. वर जाण्यालाही झाकण असतं, कॅप म्हणतात त्याला, आणि तो कॅप कंपनी नंतर बदलू शकते. इंडेक्समधल्या कंपन्या जो डिव्हिडंड देतात तो तुम्हाला मिळत नाही. आतला इन्शुरन्सचा खर्च वयाबरोबर दर वर्षी वाढतो, साठीनंतर जोरात. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा भाग कमिशनमध्ये जातो आणि दहा-पंधरा वर्षांच्या आत सोडायची म्हटली तर सरेंडर चार्ज लागतो. व्हिसावर असलेल्या, पुढे कुठे असू हे माहीत नसलेल्या जोडप्याला दहा-पंधरा वर्षं अडकवून ठेवणारी गोष्ट विकणं मला पटत नाही, मग विकणारा कितीही गोड माणूस असो.

दादांनी दिलेला तो रंगीत कागद आहे ना, इलस्ट्रेशन, त्यात दोन प्रकारचे आकडे असतात, एक गॅरंटी असलेले आणि एक नसलेले. गॅरंटीचा कॉलम शोधा आणि मिस्टरांना मोठ्याने वाचायला सांगा. बहुतेक वेळा त्या कॉलममध्ये पुढे कधीतरी पॉलिसी संपून शून्य झालेली दिसते. मिस्टरांचं ४०१-के, म्हणजे नोकरीतलं रिटायरमेंटचं खातं, पूर्ण भरून होतंय का हे आधी बघा, तिथे जागा शिल्लक असताना १२०० डॉलर इथे घालायचं काहीच कारण नाही. सगळं भरून, इमर्जन्सीचे पैसे बाजूला ठेवूनही ज्यांच्याकडे उरतात अशा थोड्या लोकांसाठी ही पॉलिसी असू शकते. तुम्ही त्यात नाही आहात.

घर घेतल्यावर पोस्टाने पण पत्रं आली असतील, "मॉर्टगेज प्रोटेक्शन", तुमच्या बँकेचं नाव आणि लोनची रक्कम छापलेली, सरकारी वाटावीत अशी. घराच्या खरेदीची नोंद काउंटीकडे सगळ्यांना बघता येते, तिथून ते नाव उचलतात. बँकेचा त्यात संबंध नसतो. सरळ फाडून टाका.

आता इथले नियम, जे तुमच्या बाजूचे आहेत. हप्ता चुकला तर कॅलिफोर्नियात ६० दिवसांची मुदत मिळते, २०१३ पासून हा कायदा आहे, आणि पॉलिसी बंद करायच्या किमान ३० दिवस आधी कंपनीला नोटीस पाठवावीच लागते. त्या ६० दिवसांत काही झालं तर क्लेम मिळतो, राहिलेला हप्ता कापून. २०१३ च्या आधीच्या पॉलिसींना हे लागू आहे का यावर बरीच वर्षं कोर्टात भांडण चाललं होतं, ऑगस्ट २०२१ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने मॅकह्यू विरुद्ध प्रोटेक्टिव्ह लाइफ या केसमध्ये हो म्हणून सांगितलं. पण माझ्या मते याच कायद्यातली खरी मौल्यवान गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणी वापरत नाही. तुम्ही आणखी एका माणसाचं नाव देऊ शकता, ज्याला हप्ता चुकल्याची नोटीस तुमच्याबरोबर जाते. कंपनी दर वर्षी हे कळवते, पण त्या कागदाकडे कोण बघतं. पॉलिसी कशा बंद पडतात माहितीये का, पैसे नसतात म्हणून नाही, क्रेडिट कार्ड बदललेलं असतं, ऑटो-पे फेल होतं, आणि नेमका तेव्हाच माणूस आजारी असतो, टपालाचा ढीग तसाच पडलेला असतो. आमच्याकडे एका केसमध्ये सॅक्रामेंटोच्या बहिणीला तशी नोटीस गेली, तिने लगेच फोन करून हप्ता भरला, आणि त्या पॉलिसीवर पुढे तिच्या भावाची दोन मुलं शिकली. तुमचा भाऊ, मैत्रीण, इथे राहणारं कुणीही चालेल, पण नाव द्या.

पॉलिसी हातात आल्यावर किमान १० दिवस परत करायला मिळतात, वय ६० किंवा जास्त असेल तर ३० दिवस, साध्या पॉलिसीत भरलेले सगळे पैसे परत येतात. किती दिवस मिळालेत ते पॉलिसीवरच छापलेलं असतं. कंपनीच बुडाली तर इथे गॅरंटी असोसिएशन आहे, पण ती क्लेमच्या ८० टक्केच देते आणि जास्तीत जास्त ३ लाख डॉलर, म्हणून स्वस्त म्हणून कुठल्यातरी कमजोर कंपनीची घेऊ नका, रेटिंग बघून घ्या. क्लेमच्या रकमेवर इन्कम टॅक्स नाही, केंद्राचा नाही आणि राज्याचाही नाही, फक्त वर व्याज मिळालं तर त्या व्याजावर लागतो. आणि मृत्यूनंतर ३० दिवस उलटून गेले तरी पैसे दिले नाहीत तर कंपनीला व्याज द्यावं लागतं.

आता वारसदारांचं, आणि इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त रडारड मी इथेच ऐकलीय.

मुलीचं नाव थेट घालू नका. अज्ञान मुलाला कंपनी चेक देत नाही, मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. त्याऐवजी पहिलं नाव एकमेकांचं, आणि दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे कंटिंजंट, मुलीसाठी एक कस्टोडियन, म्हणजे तिचे पैसे सांभाळणारा माणूस, नेमा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वारसदार लिहितानाच असं नाव देता येतं आणि तेव्हाच स्पष्ट लिहिलं तर पैसे तिच्या २५ व्या वर्षापर्यंतसुद्धा कस्टोडियनकडे ठेवता येतात, नाहीतर १८ ला हातात. घर आहे तर लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीतच मालमत्ता ज्याच्या नावावर करून ठेवतात तो ट्रस्ट, करायचं बघाच, वकिलाकडून, मग दुसऱ्या क्रमांकावर ट्रस्टचंच नाव घालता येतं. दुसरं नाव घालायचंच राहिलं आणि दोघं एकाच अपघातात गेले तर पैसे बहुधा इस्टेटमध्ये, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेत, जातात आणि मग प्रोबेट, म्हणजे कोर्टातून वाटणी. इथे प्रोबेटच्या वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली आहे, पहिल्या एक लाखावर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २. म्हणजे १० लाखांवर २३ हजार डॉलर, आणि एक्झिक्युटरने, म्हणजे ती वाटणी बघणाऱ्या माणसाने, मागितली तर त्यालाही तेवढीच. एक रकाना रिकामा ठेवल्याबद्दल एवढे पैसे!

सासूबाईंचं. मिस्टरांना आईसाठी ठेवावंसं वाटतंय हे चांगलंच आहे, त्यात वाईट वाटून घेऊ नका. फक्त कॅलिफोर्निया कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे, लग्नानंतर इथल्या पगारातून हप्ता भरला तर त्या पॉलिसीत तुमचा अर्धा वाटा धरतात. म्हणजे तुमच्या संमतीशिवाय त्यांनी सगळी आईच्या नावाने केली तरी तुम्हाला अर्ध्यावर हक्क सांगता येतो, पण मग सासू-सुनेची भांडणं कोर्टात. आत्ताच दोघांनी बसून टक्केवारी ठरवा, तुम्ही लेखी संमती द्या, किंवा आईंसाठी लहानशी वेगळी टर्म घ्या, माझ्या मते तेच जास्त सुटसुटीत. आणि त्यांचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्याकडे लग्नाआधीचं एक नाव, नंतरचं एक, मध्ये नवऱ्याचं नाव, आधारवर स्पेलिंग वेगळं, बँकेत आणखी वेगळं, काही घरांत तर पाळण्यातलं नावच बदललेलं असतं. इथे बसलेल्या माणसाला ही सगळी एकच बाई आहे हे पटवायला आमच्याकडे महिनेच्या महिने गेलेत, आणि तिकडे ती आई मुलाच्या दुःखात असताना तहसीलदार कचेरीत ॲफिडेव्हिट करत फिरतेय. आत्ता दहा मिनिटं घालवा. जन्मतारीख, पत्ता, फोन, सगळं लिहा.

एक ओळ कुणाच्या तरी उपयोगाची म्हणून लिहितेय, तुमच्यासाठी नाही. घटस्फोट झाला की जुन्या जोडीदाराचं नाव आपोआप निघतं असं इथे बऱ्याच गोष्टींत आहे, पण लाइफ इन्शुरन्सला ते कॅलिफोर्नियात लागू नाही, नाव स्वतः बदलावं लागतं, कोर्टाच्या ऑर्डरमध्ये काय आहे ते बघून.

भारतात परत गेलात तर? टर्म पॉलिसी साधारणपणे चालू राहते, हप्ता वेळेवर गेला म्हणजे झालं, त्यासाठी इथलं एक बँक अकाउंट ठेवा आणि पत्ता-ईमेल कळवा. पण अर्ज करताना "परदेशात राहायला जायचा विचार आहे का" असं विचारतात, जायचं ठरलं असेल तर हो लिहा, वरचं लपवण्याचं प्रकरण इथेही लागू आहे. तिकडचीच स्वस्त टर्म का नको असं मिस्टर म्हणत असतील तर त्यांना सांगा की लोन डॉलरमध्ये आहे, क्लेम रुपयात येईल, आणि परदेशी कंपनीला भरलेल्या प्रीमियमवर इथे एक्साइज टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो. घरात जुन्या एलआयसीच्या पॉलिसी असतील तर त्यांची सरेंडर व्हॅल्यू एफबारमध्ये, म्हणजे परदेशातल्या खात्यांच्या सरकारी फॉर्ममध्ये, दाखवावी लागू शकते, तुमच्या सीपीएला, म्हणजे टॅक्स बघणाऱ्याला, आजच विचारा. आणि नॉमिनी हा शब्द मनातून जरा बाजूला ठेवा. एलआयसीला नॉमिनी म्हणजे बरीच वर्षं फक्त पैसे घेऊन ठेवणारा माणूस होता, २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा खरा हक्क झाला. इथे बेनिफिशरीचं जे नाव लिहाल पैसे त्याचेच, मृत्युपत्रात वेगळं लिहिलेलं असलं तरी.

राहिले दादा. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते अशाच जागी. त्यांना फोनवर सांगा, "दादा, आम्ही सध्या फक्त टर्म घेतोय, तुमच्याकडे टर्मचा कोट असेल तर पाठवा, बाकीच्यांबरोबर बघतो." चांगला माणूस असेल तर पाठवेल. त्यांच्या कार्डावर लायसन्स नंबर छापलेला असला पाहिजे, इथे तो कायदाच आहे, तो कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सच्या साइटवर टाकून बघा, लायसन्स चालू आहे का आणि काही कारवाई झालीय का ते दिसतं. कुणी फारच मागे लागलं किंवा सही केलेल्या कागदावरून काही शंका आली तर त्या डिपार्टमेंटचाच फोन आहे, ८००-९२७-४३५७, पैसे पडत नाहीत.

येत्या शनिवारी दोघं बसा, मुलीला शेजारी खेळायला पाठवा, आणि आधी तो नोटीस जाणारा दुसरा माणूस कोण ते ठरवा. कोट मागवल्यावर आकडे मला कळवा, मी बघून सांगते.